कोणाचाही अंकल नाही

"मी कोणाचाही अंकल नाही, मेट."

पलीकडच्या आजोबांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. सिडनीतल्या वेंटवर्थव्हिल या उपनगरातल्या घरात आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. कचऱ्याचा कोणता डबा कोणत्या वारी रस्त्यावर ठेवायचा हे विचारायचं होतं, म्हणून कुंपणापलीकडे लिंबाच्या झाडाला पाणी घालणाऱ्या गृहस्थांना मी अदबीने हाक मारली, "एक्स्क्यूज मी, अंकल." त्यांनी पाण्याची नळी खाली ठेवली, वळून माझ्याकडे नीट पाहिलं आणि ते वाक्य ऐकवलं. मग लाल झाकण, पिवळं झाकण आणि हिरवं झाकण यांची माहिती इतक्या तपशिलात दिली की मला कागद-पेन आणायला घरात जावं लागलं.

तुमच्यापैकी जे देशाबाहेर राहिले आहेत त्यांना हा घोटाळा ठाऊक असेल. ऑफिसात आपण डायरेक्टरलाही नावाने हाक मारायला शिकतो. पण वडिलांच्या वयाचा माणूस बनियनवर झाडांना पाणी घालताना दिसला की जीभ वळत नाही. त्यांनी मला आपलं नाव सांगितलं, पुन्हा सांगितलं, "नावाने हाक मार" असं बजावलं. मला ते जमलं नाही. पुढे कितीतरी वर्षं त्यांच्याशी बोलायला सुरुवात करताना मी नुसता खाकरायचो. घरात आम्ही त्यांना 'पलीकडचे आजोबा' म्हणायचो. इथेही मी त्यांचं नाव लिहीत नाही. सवयच नाही.

ते अर्थातच इंग्रजी बोलायचे, तेही अर्धे शब्द गिळून. पण आता आठवताना ते मला मराठीतच बोलताना ऐकू येतात. त्याला माझा इलाज नाही.

रस्त्यात दिसले की ते हात हलवायचे नाहीत. वर्गातली मुलं करतात तसा उजवा हात सरळ डोक्यावर न्यायचे आणि लगेच खाली घ्यायचे. माझी मुलगी लहानपणी त्यांची हुबेहूब नक्कल करायची. मग दोघं कुंपणाच्या दोन बाजूंना हात वर करून उभी राहायची आणि आधी कोण खाली घेतो ते बघायची. आजोबा कायम हरायचे. आमच्या गल्लीतली बाकीची सगळी घरं हळूहळू आपल्या लोकांनी घेतली होती. संध्याकाळी एकदम चार-पाच स्वयंपाकघरांतून फोडणीचा वास सुटायचा. "इथे मीच आता परदेशी आहे," ते म्हणायचे, आणि कोपऱ्यावरच्या इंडियन दुकानातून आणलेलं ग्लुकोज बिस्किट चहात बुडवायचे.

आमची खरी ओळख झाली ती एका पार्सलमुळे. माझं पार्सल चुकून त्यांच्याकडे गेलं होतं आणि त्यावर माझं पूर्ण नाव होतं. माझ्या वडिलांचं नाव धोंडू. पासपोर्टवर ते मधे आहे, म्हणून इथल्या प्रत्येक कागदावर ते मधे आहे. शाळेत या नावापायी मी इतकं ऐकून घेतलं होतं की ऑस्ट्रेलियात आल्यावर, इथे कोणाला त्याचा अर्थ कळत नाही, याचा मला मनातून आनंद झाला होता. तो या म्हाताऱ्याने घालवला.

"हे मधलं नाव कसलं?" त्यांनी पार्सल हातात न देता विचारलं.

"वडिलांचं. आमच्यात मधे बापाचं नाव असतं."

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या. माझ्या मुलीच्या नावात मी आहे."

"म्हणजे कुठेही सही केली तरी बाप बरोबर. आणि अर्थ काय त्याचा?"

मी सांगितलं. धोंडू म्हणजे धोंडा, दगड. आजीची आधीची तीन मुलं गेली होती. मुलं जगत नसली की पुढच्याला असंच काहीतरी ओबडधोबड नाव ठेवायचे, म्हणजे मृत्यूला वाटावं, हे काय न्यायचं, आणि तो दारातून परत फिरावा. वडील जगले. सत्त्याहत्तर वर्षं जगले.

मला वाटलं आजोबा हसतील. ते हसले नाहीत. "आधीच्या तिघांची नावं काय होती?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. वडिलांनाही माहीत नसावं. आजीने कधी ती उच्चारल्याचं कोणी सांगितलं नव्हतं. "कुठेतरी लिहिलेलं असेल ना?" आजोबा पुन्हा म्हणाले. मी म्हटलं, आमच्या गावात तेव्हा जन्मलेल्या आणि महिन्याभरात गेलेल्या पोराचं कोण काय लिहिणार. घरात कोणीतरी नुकतंच वारलं असावं अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी पार्सल माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "आत ये, स्टोन. तुला माझे मेलेले दाखवतो."

त्या दिवसापासून मी स्टोन झालो.

त्यांच्या घराच्या मागच्या बाजूला काचेच्या खिडक्यांची एक अरुंद खोली होती. तिथे एक जुना कॉम्प्युटर, दोन चष्मे आणि बिस्किटांचा डबा. आजोबा आयर्लंडमधले आपले पूर्वज शोधत होते. ते स्वतः आयर्लंडला कधी गेले नव्हते. विमानात बसायला तयार नव्हते. पण तिकडच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी, लग्नाच्या नोंदी, जमिनीच्या सर्व्हेच्या याद्या, सगळ्यांचे फोटो काढून कोणी कोणी इंटरनेटवर चढवले होते, आणि आजोबा रोज दुपारी त्या पानांवरून एक-एक ओळ खाली सरकत जायचे. काळीपांढरी पानं. शाई फुटलेली, कोपरे उंदरांनी खाल्लेले, अक्षर असं की लिहिणाऱ्या पाद्र्याला थंडी वाजत असावी. पान उघडायला वेळ लागला की मी चुळबुळ करायचो. आजोबा खुर्चीत मागे टेकून म्हणायचे, "मेलेले कुठे पळून जात नाहीत, मेट."

फक्त एका गोष्टीवर ते चिडायचे. डब्लिनमध्ये फार पूर्वी यादवीत सरकारी दफ्तरखाना जळाला आणि त्यात शतकांची कागदपत्रं गेली. आजोबांनी ती आग मनाला लावून घेतली होती. "माझी अर्धी माणसं त्या दिवशी दुसऱ्यांदा मेली," म्हणायचे. त्यांच्या आडनावाचंही तिकडे खोबरं झालेलं होतं. कारकुनाने जे ऐकलं ते लिहिलं. मी त्यांना माझं विजेचं बिल दाखवलं. त्यावर माझ्या आडनावाचं जे काही केलेलं होतं ते बघून त्यांना फार बरं वाटलं.

आडनावावरून एकदा चांगलीच गंमत झाली. आयरिश नोंदींत खेड्याहूनही लहान, दहा-पंधरा घरांची एक वस्ती असते, आणि माणूस शोधायचा तर ती सापडावी लागते. ती सापडत नाही म्हणून ते वैतागले होते. मी त्यांना सांगितलं की आमच्यात पुष्कळांच्या आडनावातच गाव असतं, पुढे नुसतं 'कर' लावायचं. ते खुर्चीतून उठलेच. "म्हणजे नावातच पत्ता? आणि तुझं ते गाव कसं आहे?" मी म्हटलं, मी कधी गेलो नाही. कोकणात आहे कुठेतरी. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तू गाढव आहेस, स्टोन," ते शांतपणे म्हणाले आणि कामाला लागले.

हळूहळू मी शनिवारी दुपारी तिथे जाऊन बसायला लागलो. अश्विनी, माझी बायको, म्हणायची, "स्वतःच्या आजीचं माहेर कुठलं ते माहीत नाही, आणि चालला दुसऱ्याच्या आजीचं शोधायला." तिचं बरोबर होतं. तरीही मी जायचो, कारण आजोबा काय शोधत आहेत ते एव्हाना मला कळलं होतं, आणि ते कळल्यावर मधेच सोडून देता येण्यासारखं नव्हतं.

त्यांना मेरी सापडली होती. मेरी म्हणजे त्यांच्या आईची आजी. आयर्लंडात बटाट्याचं पीक कुजलं आणि माणसं रस्त्याच्या कडेला मरायला लागली, तेव्हाची ही पोर. आईबाप गेले. मेरी आणि तिची धाकटी बहीण नोरा एकाच दिवशी वर्कहाऊसमध्ये दाखल झाल्या. वर्कहाऊस म्हणजे सरकारी अनाथालय आणि तुरुंग यांच्या मधलं काहीतरी. खायला मिळायचं, पण तिथून माणसं बहुधा चौघांच्या खांद्यावरूनच बाहेर पडायची. पुढे तिथल्या वयात आलेल्या पोरी निवडून बोटीने ऑस्ट्रेलियाला पाठवल्या गेल्या, कारण इकडे मोलकरणी आणि बायका कमी होत्या. मेरीला निवडलं. नोरा लहान होती, ती राहिली. सिडनीला बोट लागली तेव्हाच्या यादीत मेरीच्या नावापुढे लिहिलं होतं: आईबाप मृत, लिहिता-वाचता येत नाही, एक बहीण वर्कहाऊसमध्ये.

एवढं सगळं आजोबांनी मी येण्याआधीच शोधून ठेवलं होतं. त्यांना हवी होती ती नोरा. त्या काळी इथे स्थिरावलेल्या लोकांना अर्ज करून आपली माणसं बोलावून घेता यायची. मेरीने नोराला बोलावलं का? बोलावलं असेल तर ती कुठल्यातरी बोटीच्या यादीत असणार. म्हणून आजोबा बोटीमागून बोट वाचत होते.

"तुमची पणजी मेरी. मग नोरासाठी एवढा आटापिटा का?" मी एकदा विचारलं.

"मेरी सापडली आहे," ते म्हणाले. "सापडलेल्याला कोण शोधतं?"

हे उत्तर नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं. पण ते पडद्याकडे वळले होते आणि मी बिस्किट घेतलं.

नोरा सापडली ती मे महिन्यातल्या एका थंड शनिवारी. इतकी वर्षं ती हाताशी येत नव्हती, कारण काही नोंदींत तिचं नाव लॅटिनमध्ये होतं, ऑनोरा. वर्कहाऊसचं एक रजिस्टर कोणीतरी नव्याने चढवलं होतं, आणि त्यात ती होती. मेरीची बोट निघाल्यानंतर त्याच हिवाळ्यात ती गेली होती. कारणाच्या रकान्यात फक्त 'ताप' असं होतं. मेरी तेव्हा समुद्रातच असणार.

मी सुस्कारा टाकला. "म्हणजे बोलावण्याचा प्रश्नच नव्हता," मी म्हटलं. "मेरीचा काही दोष नाही."

"पण मेरीला हे कोणी सांगितलं?" आजोबा म्हणाले.

कोणीच सांगितलं नसणार. मेरीला वाचता येत नव्हतं, आणि वर्कहाऊस पोर मेल्याची पत्रं धाडत नसे. मग आजोबांनी दुसरं पान उघडलं. ते त्यांनी आधी कितीतरी वेळा पाहिलेलं असणार, पण त्या दिवशी त्यांना ते वेगळं दिसलं. न्यू साउथ वेल्समधल्या एका चर्चमधल्या मेरीच्या मुलांच्या नोंदी. पहिली मुलगी, नोरा. वर्षाच्या आत दफन. पुढची मुलगी, नोरा. तीही गेली. त्यानंतर मुलगा, आणि मग पुन्हा मुलगी झाली, तिचंही नाव नोरा.

आमच्यात पहिली गेल्यावर ते नाव घरात पुन्हा कोणी घेतलं नसतं. तिसरीला तर धोंडीच म्हटलं असतं. मी ते बोलून दाखवलं. म्हटलं, मृत्यूला एकदा आवडलेलं नाव ही बाई परत परत त्याच्या पुढ्यात का ठेवत होती?

"ती मृत्यूशी बोलतच नव्हती, स्टोन," आजोबा म्हणाले. "ती बहिणीला हाक मारत होती. ओ येईपर्यंत."

तिसरी नोरा जगली. म्हातारी होऊन गेली. आजोबांनी कॉम्प्युटर बंद केला, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिथे आम्ही दोघं काहीही न शोधता बसलो. मग त्यांनी मला धाकट्या भावाची गोष्ट सांगितली.

त्यांची आई ते लहान असतानाच गेली, बाप कामाच्या शोधात निघून गेला तो परतला नाही. दोघा भावांना मुलांच्या एका होममध्ये ठेवलं. रोज सकाळी पटांगणात हजेरी व्हायची. नाव पुकारलं की हात वर करून ओरडायचं, "हजर." धाकटा तोतरा होता. त्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही, आणि हजर न म्हणणाऱ्याला पट्टा मिळायचा. मग आजोबांनी एक युक्ती काढली. दोघांची नावं लागोपाठ यायची. स्वतःच्या नावाला ते मोठ्याने हजर म्हणायचे, आणि भावाच्या नावाला तोंड खाली घालून बारीक आवाजात, हजर. भाऊ नुसता हात वर करायचा. हे वर्षानुवर्षं चाललं.

मग क्वीन्सलँडहून एक मावशी आली. तिचा गाईंचा गोठा होता, तिला कामाला एक पोरगा हवा होता, दोन नको होते. निघताना आजोबांनी भावाला सांगितलं, "रविवारी येतो."

"क्वीन्सलँड किती लांब आहे हे मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "मी दहा वर्षांचा होतो. मला वाटलं, रविवारी बस असेल."

वयात आल्यावर ते परत गेले होते. भाऊ तिथे नव्हता. टेबलामागच्या माणसाने, कुठे पाठवलं ते सांगता येत नाही, म्हटलं. आजोबांनी एकदा विचारलं. पुन्हा विचारलं नाही.

मी न राहवून म्हटलं, "आजोबा, तुम्ही रोज इथे बसता. त्याचं नाव एकदा टाकून बघितलं का?" मी चक्क मराठीत 'आजोबा' म्हटलं होतं, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"नाही."

"का?"

"नोराला काय झालं त्यात माझा दोष नाही," ते म्हणाले. "म्हणून तिला शोधता येतं."

मी कीबोर्डकडे हात नेला. त्यांनी तो आपल्याकडे ओढून घेतला, सौम्यपणे, पण दोन्ही हातांनी. तो विषय पुन्हा निघाला नाही. मी काढला नाही, त्यांनी काढला नाही, आणि शनिवारी आम्ही पुन्हा आयर्लंडला जायला लागलो, मेरीच्या बापाच्या मागावर.

पुढच्या वर्षी त्यांच्या फुप्फुसाने दगा दिला. हॉस्पिटलमध्ये जवळचा नातेवाईक कोण, असं विचारलं तेव्हा त्यांनी माझं नाव सांगितलं. नातं काय, नर्सने विचारलं. "स्टोन," ते म्हणाले. नर्सने माझ्याकडे बघितलं आणि शेजारी असं लिहिलं. अश्विनी त्यांच्यासाठी मऊ भात न्यायची. ते दोन चमचे खायचे आणि तिला बरं वाटावं म्हणून तिसरा तोंडात धरून ठेवायचे. मला ते दिसायचं. तिलाही दिसायचं.

एका गुरुवारी मी गेलो तर ते वाट बघत होते. ऑक्सिजनची नळी बाजूला करून त्यांनी भावाचं नाव उच्चारलं. मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो. "टाकून बघ," ते म्हणाले. "इथे नको. बाहेर जा."

मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, माझ्या गाडीत बसून फोनवर ते नाव टाकलं. मला वाटलं होतं, यातही कितीतरी शनिवार जातील. लॅटिन नाही, जळलेला दफ्तरखाना नाही, शाई फुटलेली नाही. पहिल्याच फटक्यात समोर आलं. एका अंत्यविधी करणाऱ्या कंपनीचं पान, भावाचं पूर्ण नाव, जन्माचं गाव, सगळं जुळणारं. बसचा ड्रायव्हर होता. समुद्रकाठच्या ज्या गावात तो आयुष्यभर राहिला ते आमच्या घरापासून ट्रेनने दोन तासांवर आहे. आम्ही मुलीला घेऊन तिथे पोहायला जातो. आणि तो गेला होता मागच्या हिवाळ्यात. आम्ही दोघं बिस्किटं खात मेरीचा बाप शोधत होतो, तेव्हा तो जिवंत होता.

मेलेले कुठे पळून जात नाहीत. जिवंत माणसं मात्र थांबत नाहीत, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मला त्या गाडीत बसून इतका राग आला की कोणाचा ते कळेना. मी अश्विनीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नको सांगूस. सापडला नाही म्हण. आता हे ऐकून त्यांनी काय करायचं?"

मी त्या पानाची शेवटची ओळ पुन्हा वाचली. मग वर गेलो.

त्यानंतर दोन दिवसांनी ते गेले. आधी अंत्यविधीचं सांगतो, कारण ते सांगणं सोपं आहे. आम्ही तिघं, गल्लीतले आणखी काही जण, दोन नर्सा. आणि माझ्याच वयाचा एक गृहस्थ, ज्याला मी त्या पानावरूनच निरोप धाडला होता. भावाचा मुलगा. तो शेवटच्या बाकावर बसला होता. हातात दिलेल्या छापील पत्रिकेकडे तो टक लावून बघत होता, कारण तिच्यावर त्याचंच नाव होतं. आजोबांच्या भावाने आपल्या मुलाला भावाचं नाव ठेवलं होतं.

नंतर चहा पिताना तो म्हणाला, "बाबा बोलताना अडखळायचे. म्हणायचे, लहानपणी माझ्या वाटचं माझा भाऊ बोलायचा." मग त्याने विचारलं की आजोबांनी कधी काही सांगितलं होतं का. मी त्याला रविवारचं सांगितलं. त्याने कप खाली ठेवला.

"रविवारी बाबा कधी घराबाहेर पडायचे नाहीत," तो म्हणाला. "ट्रिपला नाही, बीचवर नाही. आम्ही खूप भांडायचो त्यावरून. कारण त्यांनी कधी सांगितलं नाही."

निघताना तो पेटीपाशी एकटा गेला. तिच्यावर हात ठेवून म्हणाला, "बाय, अंकल." मी उगाचच वाट बघत थांबलो. पेटीतून कोणी काही बजावलं नाही.

आता तो गुरुवार.

मी वर गेलो तेव्हा आजोबांचे डोळे मिटलेले होते. मी खाकरलो. "सापडला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो. त्यांनी विचारलं, "कधी?" म्हणजे कधी गेला. त्यांनी दुसरं काही गृहीत धरलेलंच नव्हतं. मी म्हटलं, मागच्या हिवाळ्यात. "कुठे?" मी गावाचं नाव सांगितलं. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्यांचे खांदे हलत होते. मी खुर्चीवर बसून राहिलो, आणि अश्विनीचं ऐकायला हवं होतं असं मला वाटलं.

बऱ्याच वेळाने ते भिंतीकडेच बघत म्हणाले, "कोण कोण आहे त्याचं?"

मी म्हटलं, एक मुलगा आहे.

"नाव काय?"

माझ्या हातात फोन होता. त्या पानावर शेवटच्या ओळीत मुलाचं पूर्ण नाव छापलेलं होतं, अगदी आपल्याकडे असतं तसं: आधी स्वतःचं, मधे बापाचं, शेवटी आडनाव. मी इतकी वर्षं जे नाव तोंडातून काढलं नव्हतं ते त्या दिवशी मला काढावं लागलं. पहिला शब्द मी म्हटला आणि थांबलो. आजोबांचं नाव.

त्यांनी मान वळवली. माझ्याकडे नाही, वर छताकडे. चादरीतून उजवा हात बाहेर आला, सुया आणि चिकटपट्ट्यांसकट, आणि जमेल तितका वर गेला.

"हजर," ते म्हणाले.

मी पुढचं नाव वाचलं, मधलं.

हात वरच होता. त्यांनी हनुवटी छातीला टेकवली, आणि एखाद्या लहान पोराच्या बारीक आवाजात, कोणाला कळू नये असं, पुन्हा म्हणाले, "हजर."